न्यूयॉर्कमधील प्युर्टो रिकन वस्त्या आणि आरोग्यसेवेचा हक्क (१९६९-१९७०)

आरोग्यसेवा उपलब्ध असणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न बाबी होत. न्यूयॉर्कमधील लॅटिनो समाजाच्या इतिहासातून हे स्पष्ट होते.

प्युर्टो रिकोच्या रहिवाशांना १९१७ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मोठ्या संख्येने न्यूयॉर्कमध्ये स्थलांतर केले. तेथील जुनाट घरांत मात्र क्षयरोग आणि भिंतींच्या रंगातील शिशामुळे मुलांना होणारी विषबाधा त्यांच्या वाट्याला आली. शहरात १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘यंग लॉर्ड्स’ या तरुणांच्या संघटनेने ईस्ट हार्लेममध्ये घरोघरी जाऊन शिसे-विषबाधेची तपासणी केली. जून १९७० मध्ये तिने क्षयरोग तपासणीची फिरती क्ष-किरण गाडी ताब्यात घेतली. कारण गाडी येई त्या वेळी कष्टकरी माणसे कामावर असत.

१४ जुलै १९७० रोजी संघटनेने साउथ ब्राँक्समधील लिंकन रुग्णालयाच्या परिचारिका निवासाचा ताबा घेतला. घरोघरी प्रतिबंधक सेवा, रुग्णांच्या तक्रारींसाठी कायमची व्यवस्था, पाळणाघर आणि नव्या इमारतीसाठी निधी या प्रमुख मागण्या होत्या. ताबा एका दिवसातच संपला. तथापि नोव्हेंबरमध्ये तेथे व्यसनमुक्ती उपक्रम सुरू झाला आणि १९७६ मध्ये रुग्णालयाची नवी इमारत कार्यान्वित झाली.

इमारतीचे श्रेय केवळ या आंदोलनास देणे उचित ठरणार नाही. मात्र सेवेची वेळ आणि जागा ठरविताना रुग्णाचे दैनंदिन जीवन विचारात घ्यावे लागते, हा मुद्दा त्याने ठामपणे मांडला. नागरिकत्वाने हक्क मिळाला होता. त्याचा उपभोग घेण्यासाठी मात्र संघर्ष करावा लागला.