केडगांवचें एक आत्मवृत्त व दांपत्यांतील मतैक्य

शिरूर तालुक्यांत पाबळ येथें मस्तानीची कबर असल्यामुळें या भागांत दांपत्यांचा विषय निघतांच इतिहासभक्तांची दृष्टि प्रथम तिकडे वळते. शेजारच्या दौंड तालुक्यांत केडगांव येथें, मुक्ति मिशनच्या छापखान्यांत १९०७ सालीं छापलेलें पंडिता रमाबाईंचें इंग्रजी आत्मवृत्तहि याच दृष्टीनें वाचण्याजोगें आहे. पतिपत्नींचीं मतें, जुनीं असोत वा नवीं, एक असलीं म्हणजे संसार सुखाचा होतो, हा समज त्यावरून तपासतां येतो.

बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आचारानें कर्मठ. तथापि त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें, त्यापायीं स्वजनांचा रोष पत्करिला व गंगामुळाच्या रानांत बिऱ्हाड केलें. पुढें लक्ष्मीबाईंनींच ती विद्या कन्येस दिली. एका बाबतींत सुधारकी व बाकी सर्व बाबतींत सनातनी, असा हा संसार होता.

रमाबाईंचा विवाह १८८० सालीं बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं झाला. जात भिन्न, भाषा भिन्न. विवाह १८७२ च्या तिसऱ्या कायद्यान्वयें. आपण हिंदु, ख्रिस्ती इत्यादि धर्मांपैकीं कोणताहि मानीत नाहीं, असें वधूवरांस त्या कायद्याप्रमाणें लिहून द्यावें लागे. बाईहि सांगतात कीं, दोघांचाहि त्या वेळीं हिंदु वा ख्रिस्ती धर्मावर विश्वास नव्हता. म्हणजे धर्माच्या बाबतींत मतैक्य होतें तें नकाराचें. पुढें सिल्चर येथें लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत बाईंच्या हातीं आली, एक मिशनरी घरीं येऊं लागले. आणि ख्रिस्ती होण्याची इच्छा बाईंनीं बोलून दाखवितांच पति रागावले व मिशनऱ्यांस येण्याची मनाई करूं म्हणाले. १८८२ च्या फेब्रुवारींत ते पटकीनें वारले. बाईंनीं बाप्तिस्मा घेतला तो १८८३ सालीं, इंग्लंडांत.

हा वृत्तांत पंचवीस वर्षांनंतरचा व नव्या श्रद्धेच्या समर्थनार्थ लिहिलेला आहे, हें ध्यानांत ठेवूनच तो वाचावा. तरीहि त्यावरून आम्हांस इतकें दिसतें कीं, पतिपत्नी सनातनी कीं सुधारक, एवढ्यावरून त्यांचा मेळ कळत नाहीं. दोघांनीं मिळून काय टाकलें याहून, दोघांनीं मिळून काय जोपासलें, हें पाहणें अधिक महत्त्वाचें. डोंगरे दांपत्यानें विद्या जोपासली व ती कन्येपर्यंत पोंचली.

जुन्या दप्तरांत पतिपत्नींचीं पत्रें पुष्कळदां हिशेबाच्या कागदांत मिसळलेलीं असतात. शिरूर-दौंड भागांतील संग्राहकांनीं तीं खाजगी म्हणून बाजूस न टाकतां जपून ठेवावींत, अशी आमची विनंति आहे.