पडद्यावरचे पात्र आणि पडद्याआडचे कागद

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र कधी आले, कोणत्या कंपनीने बाजार मारला, चित्र किती स्पष्ट झाले, याच्या तारखा सहज सापडतात. त्या यंत्रांच्या पडद्यावर कोणती माणसे आली, कोणती येऊ दिली नाहीत आणि जी आली ती कोणत्या वेषात आली, हा इतिहास मात्र मागे राहतो. त्यातील एका धाग्याचा मागोवा आम्हाला येथे घ्यायचा आहे. समलिंगी आणि पारलिंगी माणसे या खेळांत पात्र म्हणून कशी दाखवली गेली, हा तो धागा.

हा पोरखेळ साहित्याच्या वार्षिकात कशाला, असे कुणी विचारील. पात्र, भाषांतर, संपादन आणि काटछाट हे चारही शब्द साहित्याच्या घरातलेच आहेत आणि या इतिहासात तेच पुन्हापुन्हा भेटतात. शिवाय कादंबरीचा वाचक पात्राकडे पाहत असतो. खेळणारा मात्र पात्राच्या जागी उभा राहतो. कुणाला हसायचे, कुणाला मारायचे, कुणाशी संसार मांडायचा, हे खेळ त्याच्या हाताच्या सवयीचे करून टाकतो. म्हणून येथे बसलेला ठसा लवकर पुसत नाही.

हा मागोवा घेताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या पात्रांचे भवितव्य पुष्कळदा पडद्यावर ठरलेच नाही. ते ठरले माहितीपुस्तिकेत, भाषांतराच्या टेबलावर, कंपनीच्या नियमांत, आराखड्यात आणि विक्री विभागाच्या पत्रकात. कागद बदलला की माणूस बदलला, किंवा नाहीसाच झाला.

प्रारंभ एका गुलाबी प्राण्यापासून करू. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स २' हा खेळ १९८८ साली अमेरिकेत आला. तो मुळात १९८७ च्या 'डोकी डोकी पॅनिक' या जपानी खेळात फेरफार करून बनवलेला होता. त्यात तोंडातून अंडी फेकणारा, डोक्यावर लाल फीत बांधलेला बर्डो नावाचा शत्रू आहे. खेळ खेळताना त्याच्याविषयी याहून अधिक काही कळत नाही. पण सोबतच्या माहितीपुस्तिकेने सांगितले की हा पुरुष असून स्वतःला मुलगी समजतो आणि आपल्याला 'बर्डेटा' म्हटलेले त्याला आवडते. बस, दोन वाक्यांची थट्टा. पुढच्या आवृत्त्यांतून ही माहिती वगळली गेली, पण एकदा छापलेला विनोद खेळणाऱ्यांच्या तोंडी राहिला. तब्बल वीस वर्षांनी, २००८ साली, जपानमध्ये 'कॅप्टन रेनबो' हा खेळ निघाला. त्यात बर्डोला स्त्रियांच्या स्वच्छतागृहात गेल्याबद्दल कोठडीत टाकले आहे आणि ती स्त्री असल्याचा पुरावा शोधून आणणे हे खेळणाऱ्याचे काम आहे. पुस्तिकेतील दोन वाक्यांची अशी कोठडी झाली. खऱ्या आयुष्यात अनेकांना हाच पुरावा रोज मागितला जातो, हे ठाऊक असलेल्याला येथे हसू येणे कठीण आहे.

दुसरे उदाहरण कॅपकॉम या जपानी कंपनीचे. तिचा 'फायनल फाइट' हा मारामारीचा खेळ १९८९ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर, आला. त्यात गुंडांच्या टोळीत पॉयझन आणि रॉक्सी अशा दोघी आहेत. मूळ कल्पनेत त्या स्त्रियाच होत्या. अमेरिकेत स्त्रियांना मारलेले खपणार नाही अशी शंका निघाली, तेव्हा त्यांना 'न्यूहाफ' ठरवण्यात आले. पुरुष म्हणून जन्मून स्त्री म्हणून वावरणाऱ्या व्यक्तींसाठी हा जपानी बोलीतला शब्द आहे. यामागचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. स्त्रीवर हात उगारणे गैर. मग ती 'खरी' स्त्री नाही असे लिहून टाका, म्हणजे हात उगारायला मोकळीक. पडद्यावरचे चित्र तेच राहिले, केस तेच, कपडे तेच. बदलली ती फक्त कागदावरची ओळख, आणि ती बदलली मार खाण्याची पात्रता ठरवण्यासाठी.

गोष्ट येथे संपली नाही. हाच खेळ १९९१ साली घरगुती यंत्रासाठी अमेरिकेत आला, तेव्हा दोघींना काढून त्यांच्या जागी बिली आणि सिड हे पुरुष गुंड बसवण्यात आले. १९९४ साली सेगा कंपनीच्या 'बेअर नकल ३' या खेळाचेही असेच झाले. जपानी आवृत्तीत अ‍ॅश नावाचा, बायकी हावभाव करणारा समलिंगी खलनायक होता. पाश्चात्त्य देशांत 'स्ट्रीट्स ऑफ रेज ३' या नावाने खेळ गेला, तेव्हा तो गाळण्यात आला. अ‍ॅश हे पात्र अपमानकारकच होते, त्यामुळे तो गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्याच्या जागी दुसरा, साधा, चारचौघांसारखा समलिंगी माणूस आला नाही. एका देशात टवाळी आणि दुसऱ्या देशात शुकशुकाट, असे वाटे पडले. काटछाट करणाऱ्यांनी अपमान काढला की माणूस काढला, हे पाहणाऱ्याला ठरवता येऊ नये अशी ही सफाई होती.

या बड्या कंपन्यांच्या बाहेर त्याच सुमारास काय चालले होते, तेही पाहू. १९८९ सालीच अमेरिकेत सी. एम. राल्फ यांनी अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी 'केपर इन द कॅस्ट्रो' हा रहस्याचा खेळ तयार केला. आज ठाऊक असलेल्या खेळांपैकी पूर्णपणे समलिंगी व पारलिंगी समाजाभोवती रचलेला हा पहिला मानतात. कॅस्ट्रो ही सॅन फ्रान्सिस्को शहरातील समलिंगी वस्ती. ट्रॅकर मॅकडाइक ही समलिंगी स्त्री गुप्तहेर आणि तिने शोधायची आहे टेसी लाफेम ही पळवून नेलेली ड्रॅग कलावंत. नावांतच थट्टा आहे, पण ती घरच्या माणसांनी घरच्या माणसांची केलेली आहे. एड्सने त्या वस्तीत घरेच्या घरे रिकामी होत होती असे ते दिवस होते. राल्फ यांनी खेळाची किंमत ठेवली नाही. तो टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या संगणक-फलकांवर मोफत ठेवला आणि खेळणाऱ्यांनी एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यावी, अशी विनंती केली.

पण हाच खेळ बाजारात विकायला गेला तेव्हा त्याचे नाव झाले 'मर्डर ऑन मेन स्ट्रीट'. कोडी तीच, रचना तीच, फक्त माणसे आणि वस्ती बदलली. एकाच लेखणीतून दोन प्रती निघाल्या. जी खरी होती ती फुकट वाटली गेली, आणि जी विकली गेली तिच्यातून खरी माणसे वजा झाली होती.

पुढची दहा वर्षे चित्र फारसे हलले नाही. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७' या गाजलेल्या जपानी खेळात नायकाला स्त्रीवेष घ्यावा लागतो, तो प्रसंग हशा पिकवण्यासाठीच आहे. १९९८ च्या 'फॉलआउट २' या अमेरिकी खेळात मात्र समलिंगी विवाह शक्य होता. तोही गावातल्या बापाने बंदूक रोखून लावलेला, गमतीचाच. तरी दार उघडले होते.

ते दार सताड उघडले एका जुन्या कागदाने. मॅक्सिस या अमेरिकी कंपनीत 'द सिम्स' या खेळाचे काम सुरू होते. घर, शेजार, प्रेम, लग्न असा साध्या संसाराचा तो खेळ. त्यातील माणसांना समलिंगी प्रेम करता येऊ नये, असे वाद टाळण्यासाठी ठरले होते. ऑक्टोबर १९९८ मध्ये पॅट्रिक बॅरेट हे प्रोग्रामर नव्याने रुजू झाले. माणसांमाणसांतील व्यवहाराचे काम त्यांच्याकडे आले आणि हाती पडला तो जुना आराखडा. त्यात ही मनाई नव्हती. बॅरेट स्वतः समलिंगी. त्यांनी कागदात होते तसे काम केले. १९९९ साली लॉस एंजेलिसच्या 'ई थ्री' या खेळांच्या प्रदर्शनात एका लग्नसमारंभाचे प्रात्यक्षिक होते. पाहुण्यांच्या गर्दीतल्या प्रत्येकाची हालचाल आधी बसवून ठेवायला बॅरेट यांना वेळ मिळाला नव्हता. पाहुण्यांपैकी दोन स्त्रिया आपसूक एकमेकींच्या प्रेमात पडल्या आणि सर्वांदेखत त्यांनी चुंबन घेतले. वादळ तर आले नाहीच, उलट खेळाचा बोलबाला झाला. २००० साली तो बाजारात आला आणि तुफान खपला. लोकांना हे सहन होणार नाही, हा वरिष्ठांचा अंदाज लोकांनीच खोटा ठरवला.

'द सिम्स'ने दिलेली मोकळीक मोठी होती, पण तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथे समलिंगी पात्र नव्हते, समलिंगी होण्याची सोय होती. खेळणाऱ्याने निवडले तर ते होते, नाही निवडले तर नव्हते. ज्याला पाहायचे नाही त्याला ते कधीच दिसत नाही. स्वतःचे नाव, स्वतःचा भूतकाळ आणि नाकारता न येणारे अस्तित्व असलेले पात्र येण्यास आणखी काळ जावा लागला.

असे एक पात्र आपल्या देशाच्या दारापर्यंत येऊन परतले, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नाही. कॅनडाच्या बायोवेअर कंपनीने केलेला 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन' हा खेळ नोव्हेंबर २०१४ मध्ये जगभर आला. त्यात डोरियन पाव्हस हा जादूगार आहे. विद्वान, बोलका, थोडा गर्विष्ठ आणि समलिंगी. घराण्याचे नाव राखण्यासाठी त्याचे वडील रक्ताच्या जादूने त्याचे मन बदलू पाहतात, म्हणून त्याने घर सोडलेले आहे. पुढे बापलेक समोरासमोर येतात. मुलगा ओरडतो, बाप खाली मान घालतो, आणि माफ करायचे की नाही हे अवघड होऊन बसते. या प्रसंगात डोरियनचे समलिंगी असणे हा विनोद नाही आणि गुन्हाही नाही. एका घरातले ते दुःख आहे, आणि आपल्या घरांना ते मुळीच परके नाही. त्याच खेळात क्रेम हा पारलिंगी पुरुष आहे. तो एका लढाऊ पथकाचा उपप्रमुख आहे आणि सोबत्यांना त्याच्याविषयी कोडे पडलेले नाही.

हा खेळ भारतात विक्रीला आलाच नाही. स्थानिक अश्लीलताविषयक कायद्यांचा भंग होऊ नये म्हणून तो मागे घेत आहोत, असे ईए या प्रकाशक कंपनीने कळवले. सिंगापूरने २००७ साली 'मास इफेक्ट' या बायोवेअरच्याच खेळावर दोन स्त्रीपात्रांच्या प्रणयदृश्यामुळे बंदी घातली होती आणि पुढे प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र देऊन ती उठवली होती. तेथे सरकारने उघड मनाई केली, म्हणून तिच्यावर उघड चर्चा होऊ शकली. आपल्याकडे कंपनीने स्वतःच दुकान आवरले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केले होते, त्याची पडछाया या निर्णयावर होती असे तेव्हा अनेकांनी म्हटले. ते कलम कृतीविषयी होते. कथेतल्या पात्राविषयी त्यात अवाक्षर नव्हते. पण भय कायद्याची ओळ वाचत बसत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. मधल्या चार वर्षांत एखाद्या मुलाला डोरियनची गोष्ट हवी असती, तर ती त्याला दुकानात मिळाली नसती.

त्याच २०१४ साली निन्टेन्डोच्या 'टोमोडाची लाइफ' या खेळात समलिंगी विवाहाची सोय नाही म्हणून अमेरिकेत टीका झाली. सामाजिक भाष्य करण्याचा आपला हेतू नव्हता, असे कंपनीने आधी सांगितले आणि काही दिवसांतच माफी मागितली. वगळणे हेही भाष्यच असते, हे या प्रकरणात प्रथमच एवढ्या मोठ्याने बोलले गेले.

त्यानंतर पावले झपाट्याने पडली. २०२० साली 'फायनल फँटसी ७' नव्याने बांधला गेला, तेव्हा स्त्रीवेषाचा तो जुना प्रसंग नाचाच्या मैफलीत बदलला आणि नायकाची टिंगल होण्याऐवजी त्याच्या देखणेपणाचे कौतुक झाले. त्याच वर्षी 'टेल मी व्हाय' या खेळात टायलर हा पारलिंगी तरुण मुख्य पात्र म्हणून आला आणि त्याला आवाजही पारलिंगी नटाने दिला. क्रेमला आवाज एका स्त्रीने दिला होता. सहा वर्षांत एवढे अंतर कापले गेले. तरीही, 'ग्लाड' या अमेरिकी संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार, मोठ्या कन्सोल कंपन्यांच्या दुकानांत असलेल्या खेळांपैकी अशी पात्रे वा असा आशय असलेले खेळ दोन टक्क्यांहूनही कमी होते.

अलीकडे या इतिहासाची नोंद ठेवण्याचे कामही सुरू झाले आहे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील एड्रियन शॉ यांनी अशा खेळांचे आणि पात्रांचे दफ्तर उभे केले, आणि बर्लिनच्या श्वुलेस संग्रहालयात २०१८-१९ मध्ये या विषयावर प्रदर्शन भरले. राल्फ यांच्या जुन्या फ्लॉपींवर राहिलेला 'केपर इन द कॅस्ट्रो' २०१७ साली पुन्हा चालता करून इंटरनेट अर्काइव्हवर सर्वांसाठी ठेवला गेला. मोफत वाटलेली आणि बाजाराने नाकारलेली ती प्रत आज कुणालाही खेळता येते. ट्रॅकर मॅकडाइक अजून टेसीच्या शोधात निघते, आणि या वेळी तिचे नाव कुणी बदललेले नाही.