जावळाची लोकर

दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे सर्वांत शेवटी उघडते ती माळ्यावरची पत्र्याची पेटी. झाकण उचलताच डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरतो, आणि मग एकेक वस्तू उन्हात पडते : आजोबांची कानटोपी, माझे बाळपणीचे टोपडे, आईची निळी शाल. अगदी तळाशी एक काळा, जाडाभरडा, बिनबाह्यांचा स्वेटर आहे. तो उचलला की हाताला आधी टोचतो आणि मग उबदार वाटतो. त्याची हकिगत सांगायची म्हणजे लोकरीचीच हकिगत सांगावी लागेल, आणि ती सुप्यापासून स्पेनपर्यंत पसरलेली आहे. तेव्हा वाचकांनी फराळाची बशी जवळ घेऊन बसावे, हे बरे.

सुपा म्हणजे पारनेर तालुक्यातले. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे ते निराळे, ते बारामतीकडचे. नगरहून पुण्याला निघाले की कामरगावचा घाट ओलांडल्यावर आमचे गाव लागते. राज्य परिवहनाची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली ती याच रस्त्याने. वडील सुप्याच्या शाळेत मास्तर होते. पाऊस बेताचा, शेती ज्वारी-बाजरीची, आणि थंडी मात्र उघड्या माळावरची, हाडे गोठविणारी. दिवाळी झाली की आई सुया बाहेर काढी.

लोकर नगरच्या कापड बाजारातून येई. त्या काळी ती औंसावर मिळे, आणि चार औंस जास्त आणली तर महिन्याचा हिशेब कोलमडे. म्हणून आई जुने स्वेटर उसवी. विणकामाची हीच तर गंमत आहे. कापड मागावर विणतात ते आडव्या-उभ्या धाग्यांचे. ते एकदा कापले की कापले. सुयांवरचे विणकाम हा एकाच धाग्याचा खेळ. एका फासातून दुसरा फास काढीत जायचे, आणि टोक सापडले की सगळा स्वेटर पुन्हा गुंडा होऊन मांडीवर येतो. उसवलेल्या लोकरीला पडलेल्या वळ्या आई किटलीच्या वाफेवर धरून घालवी. वडिलांच्या स्वेटरचा माझा स्वेटर झाला, माझ्याचे धाकट्या भावाचे मोजे झाले.

हे विणकाम आपल्याकडे मात्र फार जुने नाही. इजिप्तमध्ये मध्ययुगातले विणलेले सुती मोजे सापडले आहेत. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या पाद्र्याने 1589 साली मोजे विणण्याचे यंत्रही केले. पण हातविणीवर पोट भरणाऱ्यांची रोजी जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, असे सांगतात. आपल्या बायकांच्या हातात सुया आल्या त्या गोऱ्या मडमांच्या आणि मिशनच्या शाळांच्या वाटेने. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आले. मिस सिंथिया फॅरार 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये तेथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच फॅरारबाईंच्या हाताखाली. अशा शाळांत वाचन-लेखनाबरोबर मुलींना सुईकाम असे, आणि तेथून ते साऱ्या कन्याशाळांत शिरले. आई नगरच्या मुलींच्या शाळेत शिकली. सुलट-उलट टाके ती तेथेच शिकली.

शब्द तर थेट रणांगणावरून आले आहेत. 1853 ते 1856 या काळात रशियाशी क्रिमियाचे युद्ध झाले. इंग्रज सेनापती लॉर्ड रॅगलन. त्याचे नाव गळ्यापासून तिरक्या उतरणाऱ्या बाहीला मिळाले. 25 ऑक्टोबर 1854 रोजी बालाक्लाव्हाच्या लढाईत घोडेस्वारांना तोफांच्या तोंडी नेणारा अर्ल ऑफ कार्डिगन; त्याच्या नावाने समोर गुंड्यांचा स्वेटर प्रसिद्ध झाला. आणि डोळे-नाक सोडून सारे डोके झाकणाऱ्या टोपीला इंग्रज त्या गावाचेच नाव देतात. आपण तिला माकडटोपी म्हणतो, आणि मला वाटते आपले नाव अधिक नेमके आहे. सुप्याच्या ओट्यावर बसून माझी आई ‘रॅगलन बाही’ घाली, तेव्हा तो कोणा सेनापतीचा हात आहे हे तिला ठाऊक नव्हते.

लोकर मात्र आपल्याला परकी नव्हती. भाषेतच पाहा. कोपरखळी नजाकतीने मारली की आपण म्हणतो, ‘शालजोडीतला दिला’. आणि काम रेंगाळले की ते ‘भिजत घोंगडे’. एक लोकर काश्मीरची, पेशव्यांच्या दरबारात मानपानाला दिली जाणारी. दुसरी आपल्या माळावरची, धनगराच्या खांद्यावरची. भिजली की दोन दोन दिवस न वाळणारी. या दोन टोकांमधले अंतर मोजायचे माप आहे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकरीच्या केसांखाली थंडीत जी मऊ लव येते ती पश्मिना. तिचा तंतू 12 ते 16 मायक्रॉनचा. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 24 च्या आत. आमच्या दख्खनी मेंढीचा 40 च्या पुढे. तंतू 30 च्या वर गेला की त्याचे टोक कातडीवर वाकत नाही, टोचते. उंची लोकर आणि हलकी लोकर यांतला भेद बव्हंशी एवढाच, की तंतू वाकतो की टोचतो.

हा वाकणारा तंतू स्पेनने शतकानुशतके दडवून ठेवला होता. मेरिनो मेंढी देशाबाहेर नेण्यास सक्त मनाई होती. अखेर 1765 मध्ये स्पेनच्या राजाने सॅक्सनीच्या आपल्या आप्ताला एक कळप भेट दिला. 1786 मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईने रांबूइए येथील आपल्या शेतावर आणखी एक कळप आणविला. आणि 1797 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून काही मेरिनो मेंढ्या ऑस्ट्रेलियात उतरल्या. पुढे त्या खंडाने जगाला लोकर पुरविली. आईच्या हातातले चार औंसही बहुधा तेथूनच आलेले असत.

मग मेंढरांच्या मुलखात राहून लोकर परदेशची का, हा प्रश्न सरकारलाही पडला होता. 1830 नंतरच्या काळात कंपनी सरकारने दख्खनमध्ये मेरिनो एडके आणून येथल्या मेंढ्यांशी संकर करून पाहिला. स्वातंत्र्याच्या काळात पुण्याला दख्खनी मेंढीचा रांबूइए जातीशी संकर झाला. म्हणजे सोळाव्या लुईच्या कळपाचे रक्त गोखलेनगरच्या टेकडीखाली आले म्हणा ना! लोकर सुधारली, परंतु मेंढी बदलली नाही. कारण उघड आहे. आमच्या मेंढीला वर्षातले सात-आठ महिने चालायचे असते, उन्हातून, काट्याकुसळांतून, चिखलातून. दाट मऊ लोकर त्यात चिकटून बसते. भरड, मोकळ्या लोकरीत वारा खेळतो आणि पाणी निथळते. धनगराला चालणारी मेंढी हवी होती आणि सरकारला मऊ मेंढी. जिंकला धनगर.

पारनेर तालुका धनगरांचा. ढवळपुरीकडचे वाडे प्रसिद्ध आहेत. वाडा म्हणजे येथे घर नव्हे. मेंढरे, घोडी, कोंबड्या, लेकरेबाळे यांसह चालणारा सारा संसार. दिवाळीच्या सुमारास हे वाडे घाटाखाली कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतात मेंढ्या बसवल्या की शेताला खत मिळते आणि धनगराला धान्य. वर्षातून दोनदा कातरणी. बायका लोकर पिंजून सूत काढतात. ते सूत खड्ड्याच्या मागावर जाते, चिंचोक्याची खळ घेऊन ताठ होते आणि घोंगडी उतरते.

आता खरी गोष्ट. कोकराची पहिली कातरण निघते, तिला जावळ म्हणतात. माणसाच्या लेकराच्या पहिल्या केसांना जो शब्द, तोच कोकराच्या लोकरीला. ही लोकर एकदाच निघते. तिची टोके कातरीने कधी तुटलेली नसतात, म्हणून ती टोचते कमी आणि घोंगडीत तिचा भाव सर्वांत चढा. आमच्या माळावरची पश्मिना म्हणायची तर ती हीच.

1962 ची दिवाळी आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला होता. शाळेत रेडिओभोवती गर्दी होई. जवानांच्या अंगावर गरम कपडे नाहीत ही बातमी गावोगाव पोचली आणि महाराष्ट्रभर, देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. आमच्या ओट्यावर सात-आठ जणी जमत. खाकी आणि गडद हिरव्या लोकरीचे गुंडे फिरत. ज्यांना विणता येत नव्हते त्या गुंडे करून देत. लढाई चुशूलच्या बाजूलाही चालली होती, चांगथांगातच. जेथल्या बकरीला निसर्गाने इतकी तलम ऊब दिली, त्याच पठारावर आमची पोरे सुती कपड्यांत कुडकुडत होती. हे मला पुष्कळ वर्षांनी नकाशा पाहताना कळले.

दर वर्षी ज्यांची मेंढरे आमच्या शेजारच्या शेतात बसत त्या वाड्यातली एक म्हातारी घाटाखाली निघण्यापूर्वी ओट्यापाशी आली. पदराखालून तिने काळ्या सुताचे तीन गुंडे काढले.

“मास्तरीणबाई, जावळाचं सूत हाये. शिपायाला कायबाय इणा ह्याचं.”

“अहो आजी, पण हे घोंगडीला ठेवलेलं असेल ना?”

“घोंगडी व्हईल पुढल्या साली. आमच्या मेंढराची ऊब नको व्हय त्याला?”

आईने पैसे विचारले नाहीत. विचारले असते तर म्हातारीचा अपमान झाला असता.

ते सूत विणणे सोपे नव्हते. हातात लोकरीचा तेलकटपणा उतरे आणि घरभर मेंढरांचा वास सुटे. आजी नाक मुरडी. पहिल्या रात्री आईने वीतभर विणले आणि पाहते तो काय, सारे विणकाम एका बाजूला कललेले! सूत एकपदरी आणि पीळ घट्ट. मागावर ताणून बसवले की असा पीळ गप्प राहतो. सुयांवर मोकळा सोडला की फास तिरके ओढतो. आईने सगळे उसवले, दोन पदर एकत्र घेऊन उलट पीळ दिला, 10 नंबरच्या सुया ठेवून 6 नंबरच्या जाड सुया घेतल्या आणि पुन्हा टाके घातले. सुतात दोन माणसांपुरते भरले असते ते एकापुरते उरले. बिनबाह्यांचा स्वेटर झाला. तिच्या हातचे एवढे सुबक काम मी दुसरे पाहिले नाही. शेवटचे टाके बंद झाले तोवर 21 नोव्हेंबर होऊन गेला होता. लढाई थांबली होती, थंडी कुठे थांबली होती?

वडील गठ्ठा घेऊन एसटीने नगरला गेले. जेथे कपडे जमा करीत होते तेथे खाकी आणि हिरवे सारे घेतले गेले. काळा स्वेटर परत आला. रंग नमुन्याप्रमाणे नाही, लोकर भरड आहे. घेणाऱ्याचेही चुकले असे मी म्हणणार नाही. फौजेला एकसारखे कपडे लागतात. पण आईने तो हातात घेतला आणि ती कितीतरी वेळ काही बोलली नाही.

पावसाच्या तोंडावर वाडा परत आला. म्हातारी ओट्यापाशी टेकली, पाणी प्याली आणि मग तिने विचारले, “पोचलं का वो शिपायाला?”

मी आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले नाही.

“पोचलं, आजी. लई उबदार आहे म्हणून निरोप आलाय.”

माझी आई ‘लई’ म्हणाली ते मी त्या दिवशी प्रथम ऐकले. म्हातारीने मान डोलावली, सुनेला हाक मारून ती गोष्ट तिलाही सांगितली, आणि दोघी मेंढरांमागे गेल्या. त्या दिवसापासून तो स्वेटर पेटीत गेला. सुप्यात असेपर्यंत वडिलांनी तो कधी अंगात घातला नाही. कोणी पाहिला असता तर? आमची बदली झाल्यावर एक-दोन हिवाळे त्यांनी तो सदऱ्यावरून वापरला. मी एकदा आईला विचारले, खोटे का बोललीस. ती म्हणाली, “मग काय सांगायला हवं होतं?” मला आजही उत्तर सुचलेले नाही.

पुढे दुकानांतून कृत्रिम धाग्याची लोकर आली. न टोचणारी, न आटणारी, स्वस्त. घोंगडीची जागा गिरणीच्या ब्लँकेटांनी घेतली. अहिल्यादेवींच्या नावाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ झाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर संशोधन चालते, पण ते मांसासाठी. लोकरीचा विचार मागे पडला. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातले, आणि 2024 मध्ये जिल्ह्यालाही त्यांचे नाव मिळाले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी सुप्याला गेले. माळावर आता औद्योगिक वसाहत आहे. तिच्या पलीकडे, एका मोकळ्या शेतात वाडा उतरला होता. मी जावळ विचारली तेव्हा तेथली तरुण बाई हसली. “लोकर कोण घेतंय आता, आजी? कातरायची मजुरी निघंना. टाकून देतो.” तिने एका खताच्या रिकाम्या गोणीत भरून दिली, आणि मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला.

ती लोकर मी रिठ्याच्या पाण्यात चार वेळा धुतली. तेल, माती, कुसळे निघून गेली आणि गोणी निम्मी झाली. पिंजली. टकळीवर सूत काढायला या वयात शिकले. पहिले पंधरा दिवस जे निघाले ते सूत नव्हते, सुतळी होती. आता बरे निघते. दोन पदर घेते, उलट पीळ देते. नातवाला कानटोपी करायची आहे. 6 नंबरच्या सुयांवर 64 टाके घातले आहेत, दोन सुलट, दोन उलट. आतून जुन्या धोतराचे मऊ अस्तर लावीन. जावळ झाली तरी थोडी टोचणारच.