वर्धेचे दोन काठ आणि खाणीचा कायदा

बल्लारपूर आणि राजुरा यांच्यामधून वर्धा नदी वाहते. आज हे दोन्ही तालुके चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. पण 1956 पर्यंत राजुरा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, किनवटही होता. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरेधायरे अजून तिकडे आहेत. नदीच्या दोन्ही अंगांना कोळसा आहे. पलीकडे बल्लारपूरला, अलीकडे सास्ती-पवनीला. जमिनीखालचे क्षेत्र एकच, पण वरचे राज्य मात्र वेगळे होते.

1897 मध्ये बलुचिस्तानातील खोस्टच्या कोळसा खाणीत आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत मोठे अपघात झाले. त्यानंतर 1901 चा खाण कायदा आला आणि 1902 मध्ये खाणींच्या तपासणीसाठी सरकारी खाते सुरू झाले. हे खाते पुढे धनबादला गेले. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. बल्लारपूर त्याच्या कक्षेत आले. नदी ओलांडली की निजामाचा अंमल सुरू होई आणि तो कायदा तिथेच थांबे.

कायदा लागू होता तिथेही तो ढळत नव्हता, असे नाही. स्त्रियांनी जमिनीखाली काम करू नये म्हणून 1929 पासून टप्प्याटप्प्याने बंदी आली. 1943 मध्ये युद्धासाठी कोळसा कमी पडू लागला, तेव्हा सरकारने स्वतःच ती शिथिल केली. मध्य प्रांत-वऱ्हाडही त्यात आले. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. विधिमंडळात या निर्णयावर टीका झाली आणि तिला उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबाद भागातील खाणीत स्वतः उतरले होते. 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, आणि फेब्रुवारी 1946 पासून बंदी पुन्हा लागू झाली.

दोन्ही काठांना खऱ्या अर्थाने एका कायद्याखाली आणले ते स्वतंत्र भारताच्या 1952 च्या खाण कायद्याने. बेल्लमपल्ली, मंदमर्री येथल्या सिंगरेणीच्या खाणींनाही तोच लागू झाला. निरीक्षकाला दिवसा वा रात्री केव्हाही खाणीत शिरण्याचा अधिकार मिळाला. जीवाला धोका दिसला तर काम थांबवण्याचा आदेशही तो देऊ शकतो. सिंगरेणीत आज 51 टक्के भाग तेलंगण सरकारचा आणि 49 टक्के केंद्राचा आहे. म्हणजे खाण सरकारची आणि तपासणारेही सरकारच. म्हणूनच तपासणी खाते कोळसा मंत्रालयाकडे न ठेवता श्रम मंत्रालयाकडे ठेवले आहे. उत्पादनाची घाई असणाऱ्याच्या हाती सुरक्षेची दोरी असू नये, हे त्यामागचे शहाणपण.

तरीही अपघात थांबले नाहीत. ऑगस्ट 1953 मध्ये वरोऱ्याजवळ माजरीच्या खाणीत पाणी शिरून 11 जण गेले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखलीत तसेच पाणी घुसले आणि 63 जण गेले. 1957 च्या कोळसा खाण नियमांनी स्पष्ट सांगितले, की पाणी साचलेले असू शकेल अशा जुन्या खाणकामाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय खणू नये आणि पुढे आधी छिद्र पाडून अंदाज घ्यावा. हा नियम कागदावर येऊन 46 वर्षे झाली होती, तेव्हा 16 जून 2003 रोजी गोदावरीपलीकडे गोदावरीखणीच्या खाणीत पाणी घुसून 17 कामगार बुडाले.

यातून आम्हाला एक गोष्ट कळते. नियम लिहिल्याने माणूस वाचत नाही. नकाशा खरा असावा लागतो, छिद्र खरोखर पाडावे लागते, आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेल्याने ते वेळेवर थांबवावे लागते. पाचशे किंवा अधिक कामगारांच्या खाणीत कामगारांमधूनच निरीक्षक नेमण्याची तरतूद आहे. पाळी सुरू होताना काठीने छत ठोकून ते पोकळ वाजते का, हे ऐकणाऱ्या माणसाचा शब्द ऐकला जावा, यासाठीच ती आहे.

2016 मध्ये जुना जिल्हा विभागला आणि त्यातल्या कोळसा खाणी आता मंचेरियाल व आसिफाबाद जिल्ह्यांत गेल्या. पण तिथे राबलेली माणसे आपल्याच गावांत, आपल्याच आळीत राहतात. या दहा दिवसांत आरतीनंतर त्यांच्याजवळ थोडे बसावे, त्यांना बोलते करावे. कोणता नियम पाळला गेला आणि कोणता नुसता वहीत राहिला, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही.