अंगठ्यातल्या सुया

चरकसंहितेत वातरक्ताचे एक नाव ‘आढ्यवात’ आहे, म्हणजे श्रीमंतांचा वात. आपल्या बॅचमधल्या ज्या मित्राला गाऊट झाला, तो काही श्रीमंत नाही. अंगठा रात्रीत सुजला, एक्स-रे नॉर्मल आला, आणि ‘मुरगळला असेल’ म्हणून तो दोन वर्षे टिटवाळा स्टेशनचा पूल लंगडत चढला.

राँटगेनला क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले. पण साध्या एक्स-रेवर गाऊटने हाडाला पाडलेली खाच दिसते, आणि ती पडायला वर्षे जातात. खरे दुखणे युरिक ॲसिडच्या स्फटिकांचे. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये सांध्यातले पाणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा ते सुयांसारखे दिसले. मित्राचे निदानही शेवटी असेच पाणी काढून झाले. पुढे काही रुग्णांत कॅल्शियमचे स्फटिक निघाले, तो ‘स्यूडोगाऊट’. गुडघ्याच्या कूर्चेत त्याची पांढरी रेघ एक्स-रेवरही दिसते.

आताचा ड्युअल एनर्जी सीटी दोन वेगळ्या ऊर्जांच्या किरणांनी तोच पाय टिपतो आणि फरकावरून युरेट बहुधा हिरवे रंगवतो. हा हिरवा रंग म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा हिशोब. नव्या दुखण्यात तो कधी काहीच दाखवत नाही, आणि निरोगी नखांवर मात्र हिरवा ठिपका देतो.