मुअक्किब ते अब्शर

सौदी अरेबियातल्या सरकारी कचेऱ्यांत एक माणूस वर्षानुवर्षे हमखास दिसे: मुअक्किब. हातात फायली, आणि कोणत्या खिडकीवर कोण बसतो याची पक्की माहिती. परदेशी कामगाराचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवायचा असला की मालक पैसे मोजून त्यालाच पाठवत. अमिरातीत हे काम मंदूब करी, आणि अरबी अर्ज टायपिंग सेंटरात तयार होत. तिथे बरेचदा केरळचे कारकून असत. रत्नागिरी-रायगडहून आखातात गेलेल्यांची कागदपत्रंही याच वाटेने सरकत.

यामागे जुनी रीत होती. शेखच्या मजलिसीत, म्हणजे बैठकीत, जाऊन गाऱ्हाणं समोरासमोर मांडायचं. काम अडलं तर नात्यातला, टोळीतला वजनदार माणूस शब्द टाकणार. या वशिल्याला 'वास्ता' म्हणतात. विश्वास माणसावर, कार्यालयावर नव्हे.

मग कारभार ऑनलाइन जाऊ लागला: दुबईने 2001 मध्ये ई-सरकार सुरू केलं. अमिरातीचे पंतप्रधान आणि दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन रशीद यांनी 2013 मध्ये सेवा मोबाइलवर आणायला दोन वर्षं दिली आणि जे अधिकारी चुकतील त्यांना निरोप समारंभ देऊ, अशी जाहीर तंबी दिली. डिसेंबर 2021 मध्ये दुबई सरकार पूर्ण कागदमुक्त झाल्याची घोषणा झाली. पण या काळातही मधला माणूस संपला नाही. व्हिसासाठी 'आमेर', कामगारविषयक कामांसाठी 'तसहील' अशी परवानाधारक केंद्रं उभी राहिली आणि ग्राहक पुन्हा माणसासमोर बसला. हा शहाणपणाचाच निर्णय होता: पोर्टलवरची भाषा न वाचता येणारा मजूर त्यामुळे वाऱ्यावर पडला नाही.

सौदीच्या 'अब्शर' या सरकारी ऑनलाइन सेवेची कथा मात्र अस्वस्थ करते. इकामा, पासपोर्ट, वाहन परवाना अशा कामांचे हेलपाटे या सेवेने वाचवले, पण बाईच्या प्रवासाला पुरुष पालकाची परवानगी लागण्याची प्रथाही तिच्यात जशीच्या तशी उतरली. पूर्वी पालक कागदावर सही करी. आता तो फोनवर परवानगी देई, किंवा काढून घेई. 2012 मध्ये तर बाईने देशाची सीमा ओलांडली की पालकाला आपोआप संदेश जात असल्याचं उघड झालं आणि जगभर टीका झाली. तंत्रज्ञानाने रूढीला वेग दिला, तिला हात लावला नाही. बदल घडला तो कायद्याने: ऑगस्ट 2019 च्या शाही फर्मानाने 21 वर्षांवरील स्त्रियांना पालकाच्या संमतीविना पासपोर्ट काढण्याचा आणि परदेशी जाण्याचा हक्क मिळाला.