पॉट्सडामचे आज्ञापत्र

१६८५ सालचा ऑक्टोबर महिना युरोपच्या इतिहासात दोन आज्ञापत्रांमुळे लक्षात राहिला आहे. पहिले निघाले फ्रान्समधून. चौथ्या हेन्रीने १५९८ साली प्रॉटेस्टंट प्रजेस दिलेले धर्माचरणाचे स्वातंत्र्य चौदाव्या लुईने काढून घेतले. धर्मोपदेशकांना देशाबाहेर घालवले आणि इतरांना देश सोडण्याची बंदी केली. तरीही दीड-दोन लाख ह्यूगनॉट, म्हणजे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट, चोरवाटांनी बाहेर पडले. त्यांत विणकर, टोप्या करणारे, घड्याळजी, सोनार असे कसबी लोक पुष्कळ होते. दुसरे आज्ञापत्र महिनाअखेर, तिकडील जुन्या कालगणनेप्रमाणे २९ ऑक्टोबरला, ब्रांडेनबर्गचा अधिपती फ्रेडरिक विल्यम याने पॉट्सडाम येथून काढले. परमुलखातून आलेल्या कुशल माणसास काम कसे मिळवून द्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. म्हणून आम्ही आज त्याचा विचार करणार आहोत.

फ्रेडरिक विल्यमच्या मनात धर्मबंधूंविषयी करुणा होती, आणि स्वार्थही होता. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८ ते १६४८) त्याचा मुलूख उजाड झाला होता. घरे पडली होती, शेते पडीक होती, कारागीर उरले नव्हते. त्याने अॅमस्टरडॅम व हँबर्ग येथील आपल्या प्रतिनिधींना निर्वासितांच्या प्रवासाची सोय करावयास सांगितले. ओसाड घरे, ती दुरुस्त करण्यास लाकूड, दगड आणि चुना, शिवाय काही वर्षे करमाफी, असे सर्व देऊ केले. कापडाचे वा टोप्यांचे कारखाने काढणाऱ्यांस भांडवलाचे आश्वासन दिले.

परंतु आमच्या मते त्या कागदातील खरे मोलाचे कलम निराळेच आहे. त्या काळी गावोगावी प्रत्येक धंद्याची श्रेणी असे. श्रेणीचा सभासद झाल्यावाचून कोणाला स्वतंत्र दुकान थाटता येत नसे. आणि सभासद होण्यास उमेदवारीची वर्षे, जन्माचा दाखला व भरभक्कम फी लागे. हातात कितीही कसब असो, परका दाराबाहेरच राही. आलेल्यांस फी न घेता नागरिकत्व द्यावे व श्रेणीत दाखल करावे, असे पॉट्सडामच्या आज्ञेने ठरवले. घर देणे ही दया झाली. धंदा करू देणे हा हक्क झाला.

सुमारे वीस हजार लोक त्या राज्यात येऊन राहिले. १७०० च्या सुमारास बर्लिनच्या दर पाच रहिवाशांत एक फ्रेंच होता, असे सांगतात. तथापि आज्ञा निघाली म्हणजे अडचणी सरल्या, असे झाले नाही. श्रेणींनी विरोध केला. स्वतः कर भरून शेजारच्या करमुक्त परक्याशी स्पर्धा करावी लागणाऱ्या स्थानिक कारागिराचे गाऱ्हाणे अगदीच खोटे होते, असेही आम्हांस म्हणवत नाही. शिवाय त्या गरीब देशात उंची वस्तूंना गिऱ्हाईक थोडे. सरकारी पैशावर उभे राहिलेले काही कारखाने तो पैसा आटताच बसले. टिकले ते लोकांच्या गरजेचे धंदे : लोकरी कापड, टोप्या, मागावर विणलेले मोजे. बर्लिनजवळ मोआबिट येथे रेशमाकरिता लावलेली तुतीची झाडे रेताड जमिनीत जगली नाहीत, तेव्हा तेथील फ्रेंच भाजीपाल्याकडे वळले. कसब सोबत आणता येते, बाजारपेठ आणता येत नाही. म्हणून येणाऱ्यास बदलावे लागले आणि ठेवून घेणाऱ्यास धीर धरावा लागला. १८०९ साली फ्रेंच वसाहतीचे वेगळे कायदेशीर स्थान संपले. तोवर त्यांची नातवंडे-पतवंडे बव्हंशी जर्मन झाली होती.

श्रेणी गेल्या, पण त्यांचे दार गेले नाही. आज त्याला प्रमाणपत्राची कडी आहे. परदेशी शिक्षणाच्या मान्यतेचा कायदा जर्मनीत २०१२ साली अमलात आला, आणि कुशल कामगारांच्या प्रवेशाचा २०२० साली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्या देशातील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. म्हणजे आमची परिचारिका किंवा वीजतंत्री त्याच दाराशी उभे राहणार. तेथे त्यांना त्यांच्या शिक्षणाजोगे काम मिळावे, असे आम्हांस वाटणारच.

मात्र आपण नुसते जाणारे नाही, ठेवून घेणारेही आहोत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापूरच्या मागांना नाव मिळवून दिले, हे विसरून चालणार नाही. आज आपल्या शहरांत जो सुतार, जो जरीकाम करणारा परप्रांतातून येतो, त्याच्या हातांचे काम आपल्याला हवे असते. त्याला धंद्याचा हक्क आणि येथल्या कारागिराला न्याय, ही दोन्ही पारडी सांभाळण्याचे काम पॉट्सडामच्या राजाला पुरते साधले नाही. ते आपल्याला साधते काय, हे आता आपणच पाहावयाचे आहे.